दोन देश, एक गवताळ पट : केनिया आणि टांझानिया

पूर्व आफ्रिकेला जाऊन आलेल्या मंडळींना तेथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तरात बहुधा प्राण्यांची यादी येते. सिंह दिसले, हत्ती दिसले, गेंडा दुरून दिसला, बिबट्याने मात्र दर्शन दिले नाही. केनिया आणि टांझानिया या शेजारी देशांतून एकाची निवड करावयाची झाल्यास ही यादी उपयोगी पडत नाही, कारण दोन्हीकडचे प्राणी जवळजवळ तेच आहेत. खरा भेद आहे तो भूमीचा. आणि भूमीकडे पाहण्याची सवय वऱ्हाडातील व्यापारी माणसाला पिढीजात असते.

तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेस सातपुड्याची रांग, मेळघाटचे सागवन आणि वान नदीवरील हनुमान सागर धरण. दक्षिणेस पूर्णा नदी आणि तिच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाण पट्टा, जेथील विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. एवढ्या थोड्या अंतरात जमीन बदलते, जमिनीबरोबर पीक बदलते आणि पिकाबरोबर उधारीचा हिशेबही बदलतो. दुकानावर आलेले गिऱ्हाईक कोणत्या गावचे एवढे कळले, तरी त्याच्या शेतीचा अंदाज बांधता येतो. हीच दृष्टी घेऊन आफ्रिकेस गेल्यास त्या दोन देशांतील अंतर चटकन ध्यानात येते.

तेल्हाऱ्यातील एका कापूस व्यापारी कुटुंबाने हे दोन्ही देश पाहिले. पहिली सहल केनियाची, नऊ माणसांची : आजी-आजोबा, दोन मुले, दोन सुना आणि तीन नातवंडे. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जूनचा पहिला पंधरवडा ठरला. दुसरी सहल त्यानंतर तीन वर्षांनी, फेब्रुवारी महिन्यात, टांझानियाची. आणि तीही केवळ आजी-आजोबांची. या दुसऱ्या सहलीवरून घरात बरीच चर्चा झाली. आजींचे वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. खर्च दोघांच्या नावावरील मुदत ठेवीतून करावयाचा होता आणि ती ठेव आजारपणासाठी म्हणून राखलेली होती. "आई, तेच सिंह आणि तेच झेब्रे पुन्हा कशाला पाहायचे?" हा थोरल्या मुलाचा प्रश्न गैर नव्हता. आजींचे उत्तर मोजके होते : "सिंह पाहून झाले रे. जमीन पाहायची राहिली."

या उत्तरामागे केनियातील आठ दिवस होते.

केनियाचे क्षेत्रफळ सुमारे ५.८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे कमी. मात्र एवढ्यात त्या देशाने भूमीचे इतके प्रकार साठवले आहेत की नमुन्यांची पेटी उघडावी तसे वाटते. पूर्वेस हिंदी महासागराचा किनारा आणि मोंबासा बंदर. तेथून आत आल्यावर त्साव्होची तांबडी माती आणि त्या मातीने माखलेले लालसर हत्ती. मध्यभागी थंड पठार आणि ५,१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया. उत्तरेस तुर्काना सरोवराभोवतीचे रखरखीत वाळवंट. विषुववृत्त या देशाच्या मधून जाते. तरीही नैरोबी शहर आपल्या कळसूबाईच्या शिखराहून थोडे उंचच वसलेले असल्याने जूनमध्ये तेथे सकाळी स्वेटर लागतो. तेल्हाऱ्याच्या चाळीस अंशांवरील उन्हातून निघालेल्या नातवंडांना विमानतळाबाहेर पडताच हुडहुडी भरली आणि आफ्रिका म्हणजे आग, हा समज पहिल्याच सकाळी गळून पडला.

नैरोबीहून नैवाशाकडे जाताना रस्ता एकाएकी कड्यावर येतो आणि खाली महाखचदरी पसरलेली दिसते. ही 'रिफ्ट व्हॅली'. पृथ्वीचे कवच येथे ताणले जाऊन मधला पट्टा खाली बसला आहे आणि त्या खोलगट पट्ट्यात सरोवरांची माळ तयार झाली आहे. नैवाशाचे पाणी गोडे. तेथून फार दूर नसलेल्या नाकुरूचे पाणी मात्र खारट आणि क्षारयुक्त. गोडे पाणी आणि खारे पाणी इतके शेजारी कसे, याचे नवल शहरी प्रवाशाला वाटेल. वान नदीचे पाणी पिऊन खारपाण पट्ट्यात वसुलीला जाणाऱ्या आजोबांना ते वाटले नाही. लोणारचे सरोवर पाहिलेल्यास तर त्या पाण्याचा उग्र दर्पही ओळखीचा वाटतो.

आणखी एक ओळख मातीने दिली. नैरोबीच्या आसपास आणि मसाई माराच्या काही भागात काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी माती आहे. तेथील लोक तिला 'ब्लॅक कॉटन सॉइल' असेच म्हणतात. त्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतते, चाकांना चिखलाचे थर चढतात आणि चालक हताश होऊन खाली उतरतो. वऱ्हाडात ज्याने बैलगाडी काळ्या मातीतून ओढून काढली आहे, त्याला यावर वेगळे भाष्य नको.

व्यापारी कुटुंबास केनियात अशा ओळखीच्या खुणा जागोजागी सापडतात. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, तो आपल्या अकोला–खंडवा मार्गासारखाच मीटरगेज होता. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेण्यात आले. त्यानंतर लोहमार्गाच्या कडेने व्यापारी आत शिरले. जामनगर परिसरातील हालारी वीसा ओसवाल कुटुंबे त्यांपैकीच. मोंबासा येथील शिखरबंद जिनालय १९६३ मध्ये उभे राहिले. स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका', हिशेबाला 'हेसाबु' आणि विम्याला 'बिमा' म्हणतात, हे ऐकून धाकट्या सूनबाईंनी वहीत शब्दांची यादीच केली.

मग आजींचे समाधान का झाले नाही? कारण मसाई मारामध्ये घडले. सकाळची वेळ होती, उतारांवर गवत वाऱ्याने लवत होते, दूरवर एकेकटी बाभळीच्या जातीची छत्रीसारखी झाडे उभी होती. इतक्यात चालकाच्या रेडिओवर निरोप आला आणि गाडी धूळ उडवीत धावू लागली. सिंहिणींनी झेब्रा पाडला होता. तेथे पोहोचेपर्यंत वीसेक गाड्यांचे कडे तयार झाले होते. माणसे टपावरून वाकून छायाचित्रे घेत होती. नातवंडे उत्सुक होती. आजींनी पदर सावरला, मान फिरवली आणि आजोबांना म्हणाल्या, "अहो, हे त्यांचं जेवण आहे. त्याभोवती आपण उभं राहायला नको." आजोबांनी चालकास गाडी मागे घेण्यास सांगितले. थोरला नातू रुसला. चालकही गोंधळला, प्रवासी याच दृश्यासाठी पैसे मोजतात, असा त्याचा अनुभव. पुढील दोन दिवस गाडी अशीच एका निरोपावरून दुसऱ्या निरोपाकडे धावत राहिली. मुलांच्या दृष्टीने सहल उत्तम झाली. आजींच्या मनात मात्र तो लवणारा उतार अर्धवट राहिला.

टांझानियाच्या सहलीची आखणी म्हणूनच निराळ्या रीतीने झाली. ठिकाणे कमी आणि प्रत्येक ठिकाणी मुक्काम अधिक. हा देश सुमारे ९.४५ लाख चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या तिपटीहून थोडा मोठा. केनियात प्रकार पुष्कळ आणि जवळजवळ. टांझानियात एकेक प्रकार विस्ताराने उलगडतो. त्साव्होची दोन उद्याने मिळून सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरची असल्याने केनियात विस्तार नाही असे कोणी म्हणू नये. परंतु तेथे काटेरी झुडपे नजर अडवतात. सेरेंगेटीत नजर अडत नाही. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्याच्या अडीच पटींहून मोठे. मसाई मारा अभयारण्य त्याच्या एक दशांशाएवढे आहे.

प्रवास अरुशाहून सुरू होतो. पहिला मुक्काम तारांगिरे येथे, जेथे नदीकाठच्या माळावर बाओबाबचे प्रचंड वृक्ष उभे आहेत. हा वृक्ष आपल्याकडे गोरखचिंच म्हणून ओळखला जातो. मूळचा आफ्रिकेतील, पण महाराष्ट्रातही काही जुन्या ठिकाणी दिसतो. त्याच्या फुगीर बुंध्यावर हत्तींनी सुळ्यांनी केलेल्या जखमा असतात आणि तरीही झाड जगत राहते. त्यापुढे मन्यारा सरोवर आणि त्यामागे भिंतीसारखा उभा कडा. केनियात ज्या खचदरीची दोन्ही अंगे दिसतात, तिचा येथे ठळकपणे पश्चिमेकडील कडाच दिसतो.

तो कडा चढून गेल्यावर न्गोरोन्गोरो. लोणार हे उल्कापाताने झालेले विवर, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. न्गोरोन्गोरो म्हणजे ज्वालामुखीचा माथाच आत कोसळून तयार झालेली कढई. तिची रुंदी १९ किलोमीटरांच्या आसपास, खोली सुमारे ६०० मीटर आणि तळाचे क्षेत्र २६० चौरस किलोमीटर. कडेवरची उंची सुमारे २,३०० मीटर, आपल्या चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. पहाटे कडेवर धुके असते आणि खाली काहीच दिसत नाही. ते विरू लागले की आधी एक चकाकणारे सरोवर, मग गवत, मग गवतावरील काळे ठिपके असे ते जग हळूहळू वर येते. आजी तेथे एका बाकावर दोन तास बसून होत्या. त्या दोन तासांत त्यांना एकही प्राणी जवळून दिसला नाही आणि त्याची त्यांना आठवणही झाली नाही.

न्गोरोन्गोरोच्या पलीकडे उतरल्यावर दक्षिण सेरेंगेटीचे मैदान लागते. येथे मैलोगणती झाड नाही. याचे कारण जमिनीत आहे. पूर्वेकडील ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर येऊन शतकानुशतके या मैदानावर पसरली. 'ओल डोइन्यो लेंगाई' हा त्यांतील एक ज्वालामुखी आजही जागा आहे. राखेतील चुना पावसाने खाली झिरपून जमिनीखाली कठीण थर तयार झाला. झाडाचे मूळ तो भेदू शकत नाही. वर उगवते ते आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरसने समृद्ध गवत. म्हणूनच १३ ते १५ लाख विल्डबीस्ट दरवर्षी प्रसूतीसाठी याच मैदानावर येतात. फेब्रुवारीच्या तीन-चार आठवड्यांत लाखो पिल्ले जन्मतात आणि जन्मलेले पिल्लू काही मिनिटांत आपल्या पायांवर उभे राहते. आजींनी ते पाहिले. दूध देणाऱ्या आईस कोणते गवत लागते, हे जनावरांना कोणी न शिकवता कळते, हा विचार त्यांनी घरी आल्यावर अनेकांना सांगितला. खारपाण पट्ट्यातील शेतकरीही मातीच्या पोटात काय आहे यावरूनच पेरणी ठरवतो, अशी पुस्ती आजोबा जोडत.

पाऊस सरला की हे गवत वाळते आणि कळप पश्चिमेकडून उत्तरेस निघतात. जुलैच्या सुमारास ते मारा नदी गाठतात. म्हणजे मारा आणि सेरेंगेटी ही निसर्गाच्या दृष्टीने एकच भूमी आहे. मधली सरहद्द १८८६ मध्ये इंग्लंड आणि जर्मनी यांनी आपसांतील करारात आखली. व्हिक्टोरिया सरोवरापासून समुद्राकडे जाणारी ही रेषा किलीमांजारोपाशी तेवढी वळते; त्यामुळे ५,८९५ मीटर उंचीचा हा पर्वत टांझानियात राहिला आणि त्याचे सुप्रसिद्ध दर्शन केनियातील अंबोसेलीतून घडते. पर्वतावरील पाणी जमिनीखालून सरहद्द ओलांडते आणि अंबोसेलीत दलदलीच्या रूपाने वर येते. त्या पाण्यावर तेथील हत्ती जगतात. जनावरांना आणि पाण्याला सरहद्दीची आडकाठी नाही. पर्यटकास मात्र मारामधून थेट सेरेंगेटीत जाता येत नाही. दूरच्या नाक्यावर वळसा घालून पारपत्रावर शिक्का घ्यावा लागतो.

या भूमीत माणसेही आहेत. दोन्ही देशांत मसाई लोक आपली गुरे घेऊन पूर्वापार राहत आले. केनियात माराच्या भोवती अनेक मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने दिल्या आहेत आणि त्यांचे त्यांना नियमित भाडे मिळते. न्गोरोन्गोरोत १९५९ पासून मसाई आणि वन्य प्राणी यांनी एकत्र राहावे अशी व्यवस्था होती. अलीकडच्या वर्षांत तेथील कुटुंबांच्या स्थलांतरावरून मोठा वाद उभा राहिला आहे. हा विषय तेल्हाऱ्यास परका नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील काही कोरकू गावे डोंगरातून उठवून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसवली गेली. त्यांतील कित्येकजण आज याच बाजारात किराणा घेतात. जंगल राखले जावे हे खरेच. पण त्याची किंमत कोणी चुकती केली, याची नोंदही खातेवहीत असावयास हवी. निर्मनुष्य दिसणाऱ्या गवताळ मैदानाचे छायाचित्र घेताना प्रवाशाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता निवडीचा व्यवहार. पहिली बाब तारखेची. मारा नदी ओलांडणाऱ्या कळपांचे जे दृश्य सर्वत्र दाखवले जाते, ते जुलै अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचे. हा काळ नेमका चातुर्मासाचा. चातुर्मासात प्रवास न करणाऱ्या कुटुंबांनी त्या दृश्याचा मोह सोडून जूनचा आरंभ किंवा जानेवारी–फेब्रुवारी पाहावा. मार्च अखेरीपासून मे महिन्यापर्यंत तेथे दीर्घ पावसाळा असतो. जानेवारी–फेब्रुवारीत कापसाचा हंगाम ऐन भरात असल्याने तो काळ व्यवहार पुढील पिढीकडे सोपवलेल्यांनाच सोयीचा. २०२४ पासून मसाई मारा अभयारण्याचे परदेशी प्रवाशांसाठीचे प्रवेशशुल्क जानेवारी–जून या सहामाहीत जुलै–डिसेंबरच्या निम्मे ठेवण्यात आले आहे, हेही हिशेबात घ्यावे.

दुसरी बाब शरीराची. केनियात मुक्कामांमधील अंतर बेताचे ठेवता येते आणि मुख्य रस्ते बरे आहेत. टांझानियात न्गोरोन्गोरोच्या पुढचा रस्ता कच्चा आणि हाडे खिळखिळी करणारा आहे. आजी-आजोबांनी परतीसाठी लहान विमान घेतले. खर्च वाढला, पण गुडघे वाचले. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. साठीच्या पुढील व्यक्तींनी ही लस वैद्यांचा सल्ला घेऊनच घ्यावी, कारण त्या वयात दुष्परिणामांचा संभव अधिक असतो.

तिसरी बाब भोजनाची. विषुववृत्ताजवळ दिवस बारमाही साधारण बारा तासांचा. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सफारीच्या गाड्याही त्याच वेळेस परततात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी साडेपाचपर्यंत निवासावर पोहोचण्याचे आगाऊ ठरवून घ्यावे. नैरोबी आणि मोंबासा येथे आपल्या पद्धतीचे भोजन सहज मिळते. टांझानियात अरुशा सोडल्यावर ती सोय विरळ होते. कंदमूळ वर्ज्य असल्याचे मुक्कामाच्या जागी लेखी कळवावे आणि खाकरा-ठेपल्यांचा डबा जवळ असावा.

सारांश असा : लहान मुले बरोबर असतील, दिवस सात-आठच असतील आणि समुद्र, पर्वत, सरोवर, गवत असे सर्व थोडे थोडे पाहावयाचे असेल, तर केनिया. दहा-बारा दिवसांची सवड असेल, गर्दीचा कंटाळा असेल आणि एकाच ठिकाणी बसून भूमी न्याहाळण्याचा स्वभाव असेल, तर टांझानिया. कोणताही देश निवडला तरी सहल ठरवताना पहिला प्रश्न कोणते प्राणी दिसतील हा नसावा; एका जागी किती तास थांबता येईल, हा असावा. आजी-आजोबांनी तो विचारला, उत्तर लेखी मागितले आणि मगच रक्कम भरली. मुदत ठेव पुन्हा पूर्ववत होण्यास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत थोरल्या मुलाने खर्चाचा विषय एकदाही काढला नाही. पुढच्या फेब्रुवारीत दुकान कोण सांभाळील, एवढेच त्याने धाकट्यास विचारून ठेवले आहे.